नडगीवरचे चट्टे

आमच्या कुंभारवाड्याकडच्या वाड्यांत बाळाला न्हाऊ घालायची एक रीत आहे. घरातल्या म्हातारीनं न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब करून जोडायचे, लुगडं गुडघ्यावर घ्यायचं आणि उघड्या नडग्यांवर बाळ पालथं घालायचं. मध्ये कापड नको, ओलं कापड निसटतं. वाडीतली कितीतरी पोरं मी अशी न्हाऊ घातली. त्यातली काही आता मिशा वागवतात.

सुनेला दिवस गेले त्याच वर्षी माझ्या नडग्यांवर चट्टे उठले. आधी लाल, मग वर पांढरी खपली. खाजवलं की माशाच्या खवल्यासारखं निघायचं आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. कोपरांवरही तेच.

मला मांगर आठवला. मांगर म्हणजे शेतातली अवजारं ठेवायची खोप. माझ्या माहेरी वडिलांचे एक चुलते तिथं एकटे राहायचे. त्यांच्या अंगावर असेच चट्टे होते. गावानं महारोग ठरवला. आम्ही पोरी पानावर भात नेऊन दगडावर ठेवायचो आणि पळायचो. ते मेले तेव्हा खोप पेटवून दिली. आतली भांडीसुद्धा कुणी काढली नाहीत.

म्हणून मी लुगडं घोट्यापर्यंत सोडलं. मळणीला आलेल्या बायका म्हणाल्या, "म्हातारी नवरी झाली गो, पाय दाखवत न्हाई." सगळ्या हसल्या. मी लुगडं आणखी खाली ओढलं.

टाचेला भेगा पडल्या की आम्ही बिब्बा लावतो. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, कढत तेल भेगेत टपकू द्यायचं. भेग बुजते. मी विचार केला, भेग जाते तर चट्टाही जाईल. सून पाण्याला गेली तेव्हा दोन्ही नडग्यांवर बिब्बा वरून खाली ओढला. संध्याकाळपर्यंत फोड आले. लुगडं चिकटलं. फोड सुकले, पण पुढं बिब्ब्याच्या रेघेतच नवे चट्टे उठले, जिथं आधी कातडी चांगली होती तिथंही. माझा हात जाईल तिथं रोग मागोमाग येत होता. भाकरी थापताना मी हात पुन्हापुन्हा धुवायला लागले.

एके सकाळी सून माझी वाकळ झटकत होती. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात.

"आत्या, वाकळेत खवले कसले? मासळी खाताय काय चोरून?"

"धूळ असंल."

"पाय दाखवा."

"न्हाई."

"मग ह्या पोटानं मी खाली वाकून बघू व्हय?"

मी लुगडं वर घेतलं.  ती एक पाऊल मागं सरली आणि हात पोटावर ठेवला. बस. मला जळता मांगर दिसला.

तालुक्याला, जोयड्याच्या दवाखान्यात तिची तपासणी होती. पाय दाखवायला मलाही सोबत नेलं. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली, पण पिशवी मध्ये ठेवली. मी पिशवीकडंच बघत राहिले.

डॉक्टरीण तरुण होती, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. "अज्जी, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा." तिनं प्रत्येक चट्ट्यावर कापूस फिरवला. लागला. टाचणी टोचली. तीही लागली. कुठं लागलं नाही तर काय, ह्या भीतीनं मी डोळे गच्च मिटून घेतले.

"महारोगाचा चट्टा बधिर असतो. हा सोरायसिस."

"दुसऱ्याला लागतो काय?"

"न्हाई. एका ताटात जेवला तरी न्हाई. ह्या रेघा कसल्या?"

"बिब्बा."

तिनं कपाळाला हात लावला. "कातडीला इजा झाली की हा तिथंच उठतो. तुम्ही त्याला बोलावून आणलं, अज्जी."

पुरता जाणार नाही, पण दाबून ठेवता येतो, म्हणाली. मलम दिलं, तेही सांगितलं तेवढंच लावायचं. कढत पाणी नको. दगडानं घासायचं नाही, खपली उपटायची नाही. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच तेल चोपडायचं. बाजारातल्या बाबाची पुडी घ्यायची नाही. कोकमाचं तेल चालेल का विचारलं, तर सोसलं तर लावा म्हणाली.

निघताना सुनेनं विचारलं, "आणि बाळाला?"

"न्हाऊ घातल्यानं होणार न्हाई. घराण्यात असला तर पुढं एखाद्याला होऊ शकतो. होईलच असं न्हाई."

येताना पिशवी सुनेच्या मांडीवर होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते चुलते बांबू सोलत बसले होते, बुट्ट्या विणत. बोटं सगळी शाबूत. त्यांच्या चट्ट्यांवर कुणी कापूस फिरवून बघितला नव्हता. त्यांचं काय होतं, आता कळणार नाही. पण ते माझ्या वडिलांचे चुलते. रक्त एकच. आणि सुनेच्या पोटात माझ्याच मुलाचं मूल.

मुलगी झाली. तोवर मलम-तेलानं चट्टे फिके झाले होते, गेले नव्हते. न्हाणीत मी नडग्यांवर कापड पसरलं. सुनेनं ते ओढून काढलं.

"ओलं कापड निसटतं. तुम्हीच सांगता न्हवं, आत्या?"

आणि पोर माझ्या उघड्या नडग्यांवर पालथी घातली.

आता नात दुडूदुडू चालते. थंडी पडली की माझे चट्टे लाल होतात, मी तेल चोपडते. नातीला न्हाऊ घालताना तिची कोपरं उजेडात धरते, मग गुडघे, मग कानामागं. सून शेजारणीला सांगते, "आत्या नातीला लई कुरवाळतात." तसं तर तसं. कुरवाळून झालं की मी पुन्हा एकदा कोपरं बघते.