नाकतोड्याच्या कुळातली आत्या

संध्याकाळी विद्यापीठाच्या टेकडीवरच्या मुलींच्या वसतिगृहात, नालुबाले हॉलच्या जेवणघरात, उकडलेल्या केळ्यांचे मटोके वाढून झाले की किझा बाकावर चढायची, ताटलीवर चमचा आपटायची आणि बातम्या द्यायची. तिला या कामावर कुणी नेमलं नव्हतं. पहिल्या वर्षाला असताना हरवलेल्या बादलीसाठी ती एकदा बाकावर चढली, बादली तिथल्या तिथे सापडली, आणि तेव्हापासून पोरींनी तिला खाली उतरू दिलं नाही. आता ती तिसऱ्या वर्षाला होती. शिकायची संख्याशास्त्र, पण हॉलमध्ये तिला ओळखत ते तिच्या आवाजावरून. उंच, हडकुळी, हसली की आधी खांदे हलणारी.

"उद्या वरच्या मजल्यावर पाणी नाही, आजच भरून ठेवा. कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गेलं, गादीला भोक पडलं. गादी माझी आहे, तेव्हा त्या बाईसाहेबांनी जेवण झाल्यावर मला तोंड दाखवावं. आणि आपल्या वॉर्डन नाच्यांझीबाईंना नात झाली. ज्यांना घरी जायला रजा हवी, त्यांनी उद्याच मागून घ्या, परवापर्यंत आनंद टिकेल याची खात्री नाही."

शेवटच्या बातमीला नाच्यांझीबाई स्वतः दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या हॉलला रजा मिळाली.

नालुबालेच्या कुंपणापलीकडे बुगोमा, म्हणजे मुलांचा हॉल. टेकडीवर सगळे जाणतात की बुगोमा नवरा आणि नालुबाले बायको. हे लग्न कधी लागलं ते कुणालाच सांगता येत नाही, मोडलं मात्र बरेचदा. नवऱ्याकडच्या बातम्या काटो नावाचा मुलगा द्यायचा. दोघांच्या बातम्यांत तफावत पडली की दोन्ही हॉलांत भांडणं जुंपायची, म्हणून जेवणाआधी कुंपणाशी भेटून दोघं आपापल्या बातम्या ताडून बघायला लागले. आधी कुंपणाच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला तो. मग कुंपण जिथे मोडलं होतं तिथे दोघं. पुढे पुढे बातमी एखादीच असे आणि ताडून बघायला तास लागे.

काटो बुटका, गोल चेहऱ्याचा, वाह्यात बोलणारा. बोलता बोलता तो मध्येच थांबून किझाकडे बघायचा आणि काय सांगत होतो तेच विसरायचा. किझाला त्याचं हे विसरणं इतकं आवडायचं की खोलीवर येऊन ती उशीत तोंड खुपसून हसायची. तिच्या खोलीतली बिरुंगी पलीकडच्या तोरो मुलखातली, जिभेची तिखट. ती म्हणायची, "उशीला मिठी मारून काय होणार? विचार ना त्याला सरळ."

"काय विचारू?"

"कूळ विचार. तुमच्यात आधी तेच लागतं ना?"

इथेच सगळं घोडं अडलं होतं. किझा आणि काटो दोघंही गांडा जमातीची, आणि त्या जमातीत माणसाचं नाव कळलं की कूळ कळतं, विचारावं लागत नाही. पण जुळ्यांतला धाकटा तो काटो, आणि जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेलं मूल ते किझा. ही नावं कुठल्याही कुळात ठेवतात, त्यांवरून काही पत्ता लागत नाही. अख्ख्या टेकडीवर कोण कुणाचा कोण हे तोंडपाठ असलेल्या या दोघांनी एकमेकांचं कूळ मात्र कधी विचारलं नव्हतं. सुरुवातीला राहून गेलं. नंतर किझाची छाती होईना.

किझाचं कूळ नाकतोड्याचं. त्या कुळाची माणसं नाकतोडा खात नाहीत, आणि एका कुळातली मुलगा-मुलगी म्हणजे बहीण-भाऊ, लग्नाचं नाव काढायचं नाही. तिच्या थोरल्या बहिणीच्या, बाबिरयेच्या मागणीला मांडव पडला होता, बकरे शिजले होते, आणि ऐन वेळी मुलाकडच्या म्हाताऱ्याने कूळ उच्चारलं तर तेच निघालं. पाहुणे जेवून गेले. बाबिरये त्या मुलाला आता दादा म्हणते, आणि दर वेळी म्हणताना तिचा आवाज बसतो.

आणि गेल्या नोव्हेंबरात नाकतोड्यांचे थवे आले तेव्हा फाटकाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. तळलेले, कुरकुरीत, कांदा घातलेले. बिरुंगीने ओंजळ भरून काटोपुढे धरली. तो मागे सरला. "नको, मला चालत नाही," म्हणाला. चालत नाही. त्या रात्री किझाने बातम्यांत दोन चुका केल्या आणि कुणाचीतरी सायकल भलत्याच मुलीच्या नावावर चढवली.

"अगं, एकदा विचारून मोकळी हो," बिरुंगी म्हणाली. "नाहीतर मी विचारते."

किझाने तिचा हात घट्ट धरला. "विचारलंस तर याद राख. कळलं की संपलं. कळलं नाही तोवर तो माझा भाऊ नाही."

असे महिने गेले. मग खेळांच्या दिवशी बुगोमाची पोरं जिंकल्याच्या भरात भलत्याच मुलींच्या हॉलसमोर जाऊन नाचली, आणि नालुबालेने काडीमोड जाहीर केला. जाहीर करायचं काम अर्थातच किझाचं. तिने बाकावरून सांगितलं की नवरा परक्या दारात नाचला, आता त्याला या घरी पाणीसुद्धा मिळणार नाही. पोरींनी ताटल्या बडवल्या. दोन दिवसांत बुगोमाने शरणागती पत्करली. पुन्हा मागणी घालू म्हणाले, रीतसर, माणसं घेऊन, शनिवारी दुपारी.

मागणी म्हटली की मुलीच्या बाजूने बोलणारी हवी, मुलाच्या बाजूने बोलणारा हवा, आणि आत्या हवी. मुलीची आत्याच गर्दीतून नवरा ओळखून त्याला पुढे आणते. बोलणारी बिरुंगी, तिच्यासारखी जीभ दुसरीकडे मिळणार नव्हती. आत्या किझा, कारण खांद्यांवर टोकं उभी राहणारी खरी रेशमी गोमेसी, म्हणजे मागणीत बायका घालतात तो पायघोळ झगा, तिच्याकडेच होती. बुगोमाकडून नवरा म्हणून त्यांचा अध्यक्ष सेम्पाला, अंगाने भरलेला, गंभीर. आणि बोलणारा काटो.

हे कळलं तेव्हा किझा खाटेवर बसली ती उठेचना. मागणीत मुलाकडून बोलणाऱ्याला सगळ्यांसमोर कूळ सांगावंच लागतं. खेळातली मागणी असली तरी तिथे खोटं बोलत नाहीत, तेवढी भीती सगळ्यांना असते.

शनिवारी अंगणात मांडव पडला. नाच्यांझीबाई घरातली थोरली म्हणून मधल्या खुर्चीवर बसल्या आणि बसल्या बसल्या डुलक्या काढू लागल्या. पांढरे पायघोळ कांझू घातलेली बुगोमाची पोरं रांगेने आली, डोक्यावर सोड्याचे क्रेट, हातात कोंबडे, एकाने तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला अख्खा केळीचा घड उचलून आणला होता. पोरींनी गाणी म्हणून त्यांची यथेच्छ टिंगल केली. मग बिरुंगी उभी राहिली.

"कोण हो तुम्ही? दुपारच्या वेळी दुसऱ्याच्या अंगणात काय काम काढलंत?"

काटो वाकला. "वाट चुकलो, ताई. वासावरून आलो. तुमच्याकडे काहीतरी चांगलं शिजतंय."

"परवा दुसरीकडे वास आला होता, तिकडे नाचलात. नाक फार फिरतं तुमचं."

"नाक फिरलं, पाय परत आले. पायांचा मान राखा."

पोरी खिदळल्या. किझा आत्याच्या जागी चटईवर गुडघ्यांवर बसली होती, हातात झेंडूचा हार. तिला वाटलं, चाललंय हे असंच चालू राहू दे, संध्याकाळपर्यंत.

"बरं," बिरुंगी म्हणाली. तिने किझाकडे बघायचं टाळलं. "बोलणाऱ्याने आपलं कूळ सांगावं."

"वाटेत सांडलं," काटो म्हणाला.

"दंड. एक क्रेट."

क्रेट पोचला. "कूळ?"

"ते मागच्या गाडीने येतंय."

"दंड."

पोरांना आधी मजा वाटली. तिसऱ्या क्रेटला ती चुळबुळू लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे सांग की, काटो. सोडा आपल्यालाही प्यायचाय." सेम्पालाला राहवलं नाही. तो उभा राहिला, "त्याचं राहू द्या, माझं कूळ..."

"नवरदेव बोलतोय," बिरुंगी म्हणाली. "अशी निर्लज्ज नवरेमंडळी आमच्याकडे चालत नाहीत. दोन क्रेट."

सेम्पाला बसला. सगळं अंगण हसत होतं, कोंबडे ओरडत होते, आणि काटो मात्र हसत नव्हता. प्रत्येक वेळी कूळ विचारलं की तो एकदा किझाकडे बघायचा आणि मग खाली गवताकडे. बघताना तो काय बोलत होता ते विसरत होता.

आणि किझाच्या लक्षात आलं. त्याला आपलं कूळ माहीत होतं. तिचं माहीत नव्हतं. तोही यालाच घाबरत होता, कदाचित तिच्याइतकेच दिवस. हे कळताच तिला इतका आनंद झाला की भीती त्याच्याखाली पार दबून गेली. बहीण निघाले तर निघाले, पण हा माणूस माझ्यासाठी हॉलभर सोडा उधळतोय.

ती उठून उभी राहिली. आत्याने कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. बिरुंगीने कपाळाला हात लावला.

"मी सांगते," किझा म्हणाली. तिचा बातम्यांचा आवाज लागला, त्याला तिचा इलाज नव्हता. "मी नोएलिना किझा. कालुंगूच्या कॉफीवाल्याची लेक." तिने बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव घेतलं. "माझं कूळ नाकतोड्याचं. आईचं हरणाचं. आता तुमचं सांगा, आणि आमची दुपार सोडवा."

नाच्यांझीबाईंनी डोळे उघडले.

काटोने तिच्याकडे बघितलं. "नाकतोडा?"

"नाकतोडा."

"अळंबी नाही?"

"अळंबी कशाला असेल?"

"मी अळंबीच्या कुळातला," काटो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "अळंबी. आई गव्याच्या कुळातली. अगं, मग तू ती अळंबी का खात नाहीस? दुपारी कँटीनमध्ये शेंगदाण्याच्या कालवणातली वेचून वेचून ताटाच्या कडेला काढतेस. मी वर्षभर बघतोय. माझ्या जिवाला घोर."

"मला बुळबुळीत लागते," किझा म्हणाली. "आणि तू? नोव्हेंबरात मागे सरलास. चालत नाही म्हणालास."

"अंगावर पित्त उठतं. एकदा खाल्ले तर डोळे सुजले होते, आठ दिवस मला वास्स्वा, म्हणजे माझा जुळा भाऊ, आरशात बघ म्हणून हसत होता."

आधी बिरुंगी हसली. मग कुणीतरी ते शेजारणीला समजावून सांगितलं, तिने पुढचीला, आणि हसणं रांगेरांगेने मांडवभर पसरत गेलं. दोन शहाणी पोरं एकमेकांच्या उष्ट्या ताटांवरून कूळ ओळखायला गेली होती आणि वर्षभर रडकुंडीला आली होती. काटो पुढे सरसावला आणि आपलं नाव, बापाचं, आजोबाचं, त्याच्या बापाचं, गावाचं, टेकडीचं, कुळातल्या पोटशाखेचं सांगत सुटला, कुणी थांबवलं तरी थांबेना. एवढी नावं तर खऱ्या मागणीतही कुणी घेत नाही.

"पुरे," बिरुंगी म्हणाली. "ऐकलं. आत्याबाई, आता नवरा ओळखा."

सेम्पाला ताठ बसला, कांझू सारखा केला आणि हारासाठी मान पुढे काढली. किझा रीतीप्रमाणे पोरांच्या रांगेतून चालत गेली. सेम्पालापुढे थांबली. त्याला नमस्कार केला, कारण तो गरीब बिचारा खरंच सज्जन होता. मग मागे वळली, काटोपुढे आली आणि हार उचलला.

"किझा," काटो हळूच म्हणाला, "मी बोलणारा आहे. नवरा तिकडे बसलाय."

"बघितला मी. वर बघ."

तिने हार त्याच्या गळ्यात घातला. पोरी बाकांवर चढल्या. मुलं म्हणाली, हे चालणार नाही, आत्यानेच नवरा पळवला, असं कुठल्या गावात होतं. नाच्यांझीबाईंकडे सगळे वळले. बाई उठल्या, गोमेसीचा पट्टा आवळला आणि म्हणाल्या की आत्याने फार मोठा अपराध केला आहे, नालुबालेने घेतलेला सगळा दंड परत द्यावा, आणि या दोघांनी उद्या माझ्यासमोर बसून आपापल्या घरी फोन करावा, बापांना कूळ आधी सांगावं, बाकीचं नंतर.

बुगोमाची पोरं आपले क्रेट डोक्यावर घेऊन गाणी म्हणत परत गेली. सेम्पाला सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याने वाटेत दोन बाटल्या उघडून रिचवल्याही. काटो मांडवात तसाच उभा होता. किझा त्याला काहीतरी सांगत होती, आणि मध्येच थांबून काय सांगत होते ते विसरत होती.