मधे काय बदललं?

कालची गोष्ट आज तशीच असेल, यावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस साऱ्या त्रिभुवनात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला दीर म्हणून आला आहे. भावजी आमच्या कोलकात्यातल्या बालीगंजच्या घरी आले की चपला काढायच्या आधी दाराची घंटा दोनदा वाजवतात. एकदा आम्ही दार उघडावं म्हणून, आणि दुसऱ्यांदा, दार उघडल्यावर, ती अजून वाजते का ते बघायला. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी आपल्या नव्या बायकोला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, विचारलं होतं, "कालचं सगळं कायम आहे ना?" ती बँकेतली मुलगी, तोंडाची फटकळ. म्हणाली, "सध्या तरी." त्या 'सध्या'वर भावजी आठवडाभर नीट जेवले नाहीत, असं सासूबाई सांगायच्या.

त्यातून देवाने त्यांना नोकरीही अशी दिली की स्वभावाला खतपाणीच मिळावं. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम तपासायचं त्यांचं काम. कुणी कुठे एवढंसं काही बदललं की काल चालत होतं ते सगळं आजही चालतंय का, हे पहिल्यापासून बघायचं, आणि काही बंद पडलं असेल तर शोधायचं की कालपासून आजपर्यंत मधे काय बदललं. थोडक्यात, भावजींना पगार मिळतो तो संशय घेण्याचा. एकदा माझ्या हातचं वरण दोन घास खाऊन ते थांबले. म्हणाले, "वहिनी, मागच्या रविवारी असं नव्हतं. मधे काय बदललं?" मी म्हटलं, "काही नाही हो, गिळा आता." तर हा गृहस्थ उठून स्वयंपाकघरात गेला आणि सगळे डबे हुंगून हिंग बदललाय हे शोधून आला. आणि खरंच बदलला होता! पुण्याचा संपला म्हणून मी इथल्याच बाजारातून आणला होता. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

त्यांची मुलगी रेवा. जावेच्या बँकेच्या बदल्यांपायी त्या पोरीने दहा वर्षांची होईतो चार शाळा पाहिल्या. मराठी घरात, हिंदी लिफ्टमध्ये, बंगाली खाली खेळताना, आणि इंग्रजी पुस्तकात. बंगालीत पाणी 'खातात', म्हणून त्या मुलांमध्ये राहून तीही पाणी पीत नसे, पाणी 'खात' असे. मागच्या वर्षी जावेची बढतीवर नागपूरला बदली झाली तेव्हा भावजी पहिल्यांदाच कुणाला न विचारता बोलले. "रेवा आता शाळा बदलणार नाही. ती माझ्याजवळ राहील आणि मी तिला घरी शिकवीन." त्यांचं ऑफिस दुपारनंतर, तेही घरूनच. जावेने खूप वाद घातला आणि शेवटी मुदत दिली. मार्चपर्यंत बघू, नीट चाललं तर ठीक, नाहीतर मुलगी नागपूरला. त्या दिवसापासून भावजींनी आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. मुलगी जवळ राहायला हवी, एवढंच.

शिकवायची रीत अर्थातच ऑफिसातली. सकाळी नऊला जेवणाच्या टेबलावर आधी 'फेरी' व्हायची. फेरी म्हणजे आजवर शिकवलेलं सगळं पहिल्यापासून तपासायचं. हातच्याची वजाबाकी, पाढे, भागाकार, लसावि, सगळं. जे आलं त्यापुढे बरोबरची खूण आणि तारीख. शिकवलेलं वाढत गेलं तशी फेरीही वाढत गेली, आणि दिवाळीपर्यंत ती नऊला सुरू होऊन अकराला संपायला लागली. मी म्हटलं, "अहो भावजी, नवीन कधी शिकवणार?" तर म्हणाले, "वहिनी, जुनं शाबूत आहे हे कळल्याशिवाय नवीन शिकवायचं कुणाच्या भरवशावर?" पण पोरगी हुशार. भाऊबीजेला आमच्याकडे आली तेव्हा लाडू खाता खाता पाऊण अधिक दोन पंचमांश तिने तोंडी केलं. एक पूर्णांक तीन विसांश! आमच्या यांना ते पडताळायला कागद लागला. पुढच्या रविवारी आले तेव्हा भावजींनी घंटा एकदाच वाजवली.

त्यानंतरच्या पंधरवड्यात एका बुधवारी रेवाने तेच गणित केलं आणि उत्तर लिहिलं पाच नवमांश. वरचे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत, झालं. भावजी कधी ओरडत नाहीत, त्या दिवशीही ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "पाऊण पोळीत आणखी पोळी घातली आणि पोळी कमी झाली?" पोरगी म्हणाली, "हो." मग दीड तास तेच. छेद सारखे कर, छेद सारखे कर. नाहीच आलं.

झालं. त्या दिवसापासून मधे काय बदललं याचा तपास सुरू झाला. मंगळवारी येत होतं, बुधवारी नाही. मंगळवारी संध्याकाळी उशीचा अभ्रा बदलला होता, म्हणून जुना मळका अभ्रा धुण्यातून काढून परत घातला. टेबलावरचा दिवा नवा होता, तो काढला. नव्या गुळाचे संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, घरात आले होते, ते तीन दिवस बंद ठेवून पाहिले. डोळे तपासले, कान तपासले. टेबल खिडकीकडून भिंतीकडे नेलं आणि भिंतीकडून खिडकीकडे आणलं. वहीत रोज एक ओळ लिहायची, काय बदलून पाहिलं आणि फरक पडला का. मला ती वही त्यांनी कौतुकाने दाखवली. सगळीकडे 'नाही', 'नाही', 'नाही'. मला हसू आलं, आणि मग त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि हसू गेलं.

अपूर्णांकांमागून भागाकार गेला. मग एक दिवस सकाळी दहाला फोन आला. भावजींचा आवाज बसलेला. "वहिनी, सात आठे गेले." मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "कोण गेले?" "सात आठे छप्पन्न. आज तिला आलं नाही. दुसरीतलं आहे हो ते." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "माझा थोरला अकराव्या वर्षी नवाचा पाढा विसरला होता. आता इंजिनियर आहे. या वयात जातं आणि परत येतं." पलीकडे भावजींनी वहीची पानं उलटली. मग म्हणाले, "पण मधल्या काळात ते असतं कुठे?" मी पर्स उचलली आणि न्यू टाउनची बस धरली.

भावजी चहा टाकायला गेले तशी रेवाने मला तिच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. "काकू, तुला एक बोलायचंय. बाबाला नाही बोलायचं." आणि मग रडायलाच लागली. मी काय ते समजले. त्या बुधवारी, फेरीच्या आधी, पहिल्यांदा. शाळेत एकदा सांगितलेलं तिला माहीत होतं, म्हणून घाबरली नव्हती म्हणे. पण आईला फोन केला तर ती मीटिंगमध्ये, आणि नंतर रेवालाच बोलवेना. तीन आठवड्यांत आता ही दुसरी वेळ, आणि पोरगी आईच्या कपाटातल्या जुन्या सुती ओढण्या फाडून निभावत होती, आणि रोज सकाळी नऊला हजर राहत होती. अकरा वर्षांचं लेकरू. मी तिला पोटाशी धरलं. खाली दुकानात जाऊन हवं ते आणून दिलं, समजावलं. "आईला तू सांग," म्हणाली, "पण बाबाला शप्पथ नाही." मी शब्द दिला.

यामुळेच ती गणित विसरली, असा माझा दावा नाही. माझा थोरला काय कशामुळे विसरला होता? पण जो माणूस अभ्र्यापासून संदेशापर्यंत सगळं बदलून पाहत होता, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसलेली मुलगीच बदलली होती. ते मला माहीत होतं आणि मी चहा पिऊन घरी आले.

जावेला फोनवर सांगितलं तर तिने तिथल्या तिथे तिकीट काढलं. त्याच शनिवारी विमानाने आली. भावजींना वाटलं, ती गणित तपासायला आली. त्यांनी वही समोर ठेवली, टेबलाच्या कडेला उभे राहिले, आणि ऑफिसात साहेबापुढे बोलावं तसं बोलायला लागले. अजून पाच बाबी तपासायच्या राहिल्यात. मार्चपर्यंत मुदत आहे. सगळं परत आणून देतो. जाऊ वही न उघडताच म्हणाली, "नको. ती आता माझ्याजवळ राहू दे." "फक्त फेब्रुवारीपर्यंत," भावजी म्हणाले. "तू म्हणशील ती परीक्षा घे." ती मान हलवत राहिली. तिच्याही गळ्यात लेकीने शपथ अडकवली होती. आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वच्छ पुसलेला ओटा पुन्हा पुसत होते. शपथेचं सोडा. खरं सांगायचं तर आमच्या घरात वहिनीने दिराशी ही गोष्ट बोलायची पद्धतच नाही. पंचवीस वर्षं कोलकात्यात राहिले, तीन भाषा शिकले, पण हे चार शब्द कुठल्याच भाषेत तोंडातून फुटेनात. लाज वाटली मला, आणि त्या लाजेची आज जास्त लाज वाटते.

जानेवारीत रेवा गेली. भावजी रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे, समोर ठेवलं ते मुकाट्याने खायचे. नागपूरला रोज फोन करत, पण गणिताचं विचारायचं नाही असं जावेने बजावलं होतं, म्हणून ते हवा कशी आहे ते विचारायचे. रोज हवा.

मग होळीच्या सुमाराला रेवाचा मला फोन आला. अपूर्णांक आले! आपोआप आले, वर्गात फळ्यावर करून दाखवले, बाईंनी शाबासकी दिली. रविवारी भावजी जेवायला बसले तेव्हा मी आनंदाने ते त्यांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, "छान." आणि जरा वेळाने, "तिथे येतं. म्हणजे बंद इथेच पडत होतं. माझंच काहीतरी चुकलं वहिनी, मला शेवटपर्यंत सापडलं नाही."

माझ्याने ऐकवेना. आत जाऊन नागपूरला फोन लावला आणि विचारलं, "रेवा, सांगू का ग बाबाला?" पोरगी म्हणाली, "सांग. आता चालेल."

बाहेर आले, त्यांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. खाली बघून, पण सांगितलं. मला वाटलं, सुटतील बिचारे. आपलं शिकवणं चुकलं नव्हतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. भावजींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"त्याच बुधवारी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पोटात दुखतं ना हो तेव्हा?"

"दुखतं थोडं."

"दीड तास," भावजी म्हणाले. "मधे एकदा ती उठली होती वहिनी. मी म्हटलं, बस, आधी छेद सारखे कर." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आणि ती बसली हो."