बी डिव्हिजनमधला गौतम

गौतमचा चेहरा मी काल पहिल्यांदा पाहिला, आणि तोवर गौतम गेलेला होता.

इतकी वर्षं फक्त आवाज ओळखीचा. हेडफोनमधून येणारा, थोडा घोगरा, कायम हसायच्या बेतात असलेला.

आम्ही एका ऑनलाइन रेसिंग लीगमध्ये होतो. घरी टेबलाला स्टिअरिंग लावायचं, आणि स्क्रीनवरच्या ट्रॅकवर गाड्या पळवायच्या.

मी अमरावतीत, तो अकोल्यात. त्याची नोकरी बाळापूरला, शेतीखात्यात. रोज जाऊन-येऊन करायचा.

गेममधलं त्याचं नाव 'बाळापूर एक्सप्रेस'. मी एकदा विचारलं, हे काय नाव?

"बाळापूरले रेल्वे नाही ना भाऊ. मंग मीच झालो एक्सप्रेस."

लीगमध्ये तीन डिव्हिजन आहेत. सगळ्यात वेगवान लोक ए मध्ये, मधले बी मध्ये, नवशिके सी मध्ये. सीझन संपला की बी मधला पहिला वर जातो आणि ए मधला शेवटचा खाली येतो.

आम्ही दोघं सी मधून सोबतच बी मध्ये आलेलो.

सी मध्ये पहिल्या वळणावर नुसती ठोकाठोकी असते. गौतम तिथंही कुणाला धक्का देत नसे. नव्यांना माईकवर शांतपणे सांगायचा, "बाजूले गाडी आली ना, तर तिच्यापुरती जागा सोडा. वळण दोघाईचं असते."

मग मागच्या सीझनची शेवटची रेस आली.

बी मधून वर कोण जाणार, तो की मी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. दोघांत जो पुढे राहील तो.

शेवटच्या लॅपला मी पुढे होतो, तो अगदी पाठीशी. एका वळणावर त्याने ब्रेक जरा उशिरा मारला. त्याची गाडी माझ्या मागच्या चाकाला लागली. मी गोल फिरून गवतात गेलो आणि तो पुढे निघून गेला.

असं होतं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे मला कळत होतं. तक्रार केली असती तर लीगच्या पंचांनी रेकॉर्डिंग पाहून त्याला पेनल्टी दिली असती. पण मी तक्रार करणार नव्हतो.

गाडी कशीबशी ट्रॅकवर आणली.

पाहतो तर फिनिश लाइनच्या अलीकडे, कडेला, गौतमची गाडी रांगत चाललेली.

"जाय पुढे," तो माईकवर म्हणाला.

"अरे, तू जा ना. शेवटची रेस आहे."

"म्हनूनच म्हनतो. जाय लवकर, मागून लोक येऊन राहिले."

मी गेलो. मी ए मध्ये, तो बी मध्येच.

रेस संपल्यावर मी म्हणालो, "गौतम, मी तक्रार करणारच नव्हतो."

"माईत होतं मले. तू करनार नव्हता म्हनून तर थांबलो. नाहीतर पंचायले पाहू देलं असतं."

हसला.

"पुढच्या सीझनले येतो," म्हणाला.

बी ची रेस शनिवारी असते, ए ची रविवारी. एवढ्या एका गोष्टीने आमची सोबत सुटली. दर आठवड्याच्या गप्पा कमी झाल्या, मग नुसते मेसेज राहिले.

"ये ना अकोल्याले एकदा."

"येतो. नाहीतर तूच ये."

"येतो."

दोघंही येतो म्हणत राहिलो.

ए मध्ये माझं काही खरं नव्हतं. कायम शेवटच्या दोघा-तिघांत. एकदा वैतागून त्याला लिहिलं की मला जमत नाही, मी आपला बी मध्ये परत येतो.

त्याचा व्हॉइस मेसेज आला.

"खाली येऊ नको बे. मी वर येऊन राहिलो ना."

आणि तो खरंच येत होता. या सीझनला बी मध्ये पहिल्या नंबरवर होता. एकच रेस उरली होती, या शनिवारची.

मागच्या आठवड्यात ग्रुपवर त्याने लिहिलं, "ताप आहे थोडा. शनिवारपर्यंत होतो ठीक."

डेंग्यू निघाला. शनिवार त्याला गाठता आला नाही.

काल अकोल्याला गेलो. बुद्धवंदना चालू होती, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी मागे भिंतीशी उभा राहिलो. कुणालाच ओळखत नव्हतो. समोर हार घातलेल्या फोटोत त्यालाही ओळखायला क्षणभर वेळ लागला.

निघताना दाराशी कुणाला तरी रस्ता विचारला, तर एक बाई वळून पाहायला लागल्या. त्याची बहीण.

"तुमी अमरावतीचे का? आवाजावरून वाटलं."

मी हो म्हणालो.

"दादा रविवारी तुमची रेस यूट्यूबवरून टीव्हीवर लावे, तुमचं बोलनंही आयकू ये," त्या म्हणाल्या. "आमाले बसवे पाहाले. आमाले काय समजते त्यातलं. तुमी मागं राहिले तरी म्हने, पाहाय, कसा जागा सोडून राहिला हा मानूस."

मला तो हे कधीच बोलला नाही. दर रविवारी तो मला पाहत होता आणि मी समजत होतो, सोबत सुटली.

बसमध्ये बसल्यावर लीगच्या ॲडमिनचा मेसेज आला. सगळ्यांचं म्हणणं पडलंय, गौतमचं नाव मानाने ए डिव्हिजनमध्ये टाकू या.

मन भरून आलं. पण मी नको म्हणालो.

त्याची एक रेस बाकी होती. न जिंकता मिळालेली जागा गौतमने घेतली नसती.

नाव बी मध्येच असू द्या. पहिल्या नंबरवर.

जय भीम, गौतमभाऊ. मी यायला उशीर केला.