बोलण्याचा फुगा

मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात आम्ही बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. वडील तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ड्राफ्ट्समन होते. कॉलेजचा फॉर्म सोमवारी पोस्टात टाकायचा होता, आणि सायन्स की चित्रकला, हे मला सांगायचं होतं. इंग्रजी शाळेत शिकूनही घरात मनातलं सांगताना मला दोन वाक्यं धड बोलता येत नसत, म्हणून मी चित्र काढलं.

बांधकामावरच्या परदेशी साहेबांकडून आलेल्या मासिकात चित्रं होती तसं ते भडक केलं. जाड काळ्या रेषा, दोन रस्त्यांच्या मध्ये उभी मुलगी, आणि तिच्या गालांवर काडेपेटीची काडी रंगात बुडवून दिलेले लाल ठिपके. कॉमिकमध्ये असतो तसा बोलण्याचा फुगाही तिच्या तोंडाशी काढला. त्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो रिकामाच ठेवला.

मासे घेऊन आलेली कोळीणमावशी दारातून चित्र बघून म्हणाली, "बाय, हिला गोवर आलाय काय गो?"

आई खूप हसली. मीही हसले, पण मग ती मुलगी मला खरंच आजारी दिसू लागली.

संध्याकाळी वडिलांनी चित्र हातात घेतलं. ड्रॉइंगवरची माहितीची एकही चौकट कोरी सोडायची नाही, ही त्यांची कामावरची सवय. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फुग्यात सुबक अक्षरांत 'सायन्स' लिहिलं.

"हे राहिलं होतं बघ तुझं."

मला रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. फॉर्मवर मी तेच लिहिलं. त्यांच्यासाठी लिहिलं की मलाच ते हवं होतं, हे पाकीट पेटीत टाकतानाही मला कळलं नव्हतं.