अण्णांच्या नंबरावरची दुकानं

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खुनाची, दरोड्याची प्रकरणं आता एकमेकांत मिसळून जातात. कुठल्या आरोपीने काय केलं ते घरात सांगताना माझाच गोंधळ उडतो. टॉवेलच्या कारखान्यातलं एक प्रकरण मात्र बारकाव्यांसकट लक्षात राहिलं आहे. त्यात ना रक्त सांडलं, ना कुणी तुरुंगात गेलं. तरी ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचे धाकटे मालक एका सकाळी ठाण्यात आले. सोबत पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचे दोघे होते. कारखान्याने नुकताच डिजिटल एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्म बसवला होता. हे नाव फिर्यादीत लिहिताना आमच्या ठाणे अंमलदाराने तीनदा विचारून घेतलं. अर्थ एवढाच, की वेबसाइट, मोबाइल ॲप, दुकानदारांच्या ऑर्डरी, तक्रारी, त्यांना जाणारे मेसेज, सगळं एका जागी. तीन कंपन्यांनी आपापली व्यवस्था दाखवली, त्यातली दिसायला सर्वांत देखणी यांनी निवडली. फोनवर ऑर्डर घेणं बंद केलं आणि दिवाळीच्या आत एकूण एक दुकानदाराची नोंदणी झाली पाहिजे असं फर्मान काढलं.

नोंदणी वेळेत झाली, पेढेही वाटले गेले. मग पुण्याच्या मंडळींना दिसलं की शंभरावर दुकानं एकाच मोबाइल नंबरावर आहेत. तो नंबर विक्री विभागातल्या एका जुन्या कर्मचाऱ्याचा होता. कारखान्यात त्यांना सगळे अण्णा म्हणत. धाकट्या मालकांचा संशय सरळ होता. अण्णांनी गिऱ्हाइकांची यादी मुठीत ठेवली आहे आणि ती घेऊन ते दुसऱ्या कारखान्यात जाणार. दुसऱ्या कारखान्याने त्यांना भेटायला बोलावलं होतं, ही खबर आमच्या माणसाने त्याच दुपारी आणली. मला वाटलं, झालं काम.

अण्णांना नोटीस देऊन बोलावलं. साठीच्या आसपासचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला बारकासा माणूस. तीन दिवस ते रोज वेळेवर येऊन बाकावर बसायचे. नंबर माझाच, नोंदणी मीच केली, दुसऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं होतं पण गेलो नाही, सगळं त्यांनी कबूल केलं. सगळी दुकानं स्वतःच्या नंबरावर का टाकली, एवढं विचारलं की मान खाली.

तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. इतक्या वर्षांची नोकरी जाईल, नाव खराब होईल, हेही सुनावलं.

"साहेब, तेवढं सोडून काय बी इचारा," ते म्हणाले. "त्यात माजं एकट्याचं न्हाय."

एकट्याचं नाही म्हणजे साथीदार आहे, असा मी अर्थ लावला. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे माझ्या अनुभवाचं सार होतं. ते चुकीचंही नव्हतं. काय लपवतो, एवढंच मला कळलं नव्हतं. त्यांचा मोबाइल पंचनामा करून जप्त केला आणि मालकांनी त्यांना कामावरून दूर केलं.

जप्त वस्तू लाखेने मोहोरबंद करावी लागते. ठाण्यातली लाख नेमकी संपली होती, म्हणून मोबाइल मुद्देमालाच्या कपाटात तसाच पडून राहिला, आणि बंद करायचाही राहून गेला. दुसऱ्या दिवशी मुद्देमाल सांभाळणाऱ्या महिला हवालदार वैतागून माझ्याकडे आल्या. ते यंत्र रात्रंदिवस थरथरतंय, साहेब. 'प्रिय ग्राहक, बऱ्याच दिवसांत आपली ऑर्डर नाही' हा एकच मेसेज शंभर वेळा येतो, आणि फोन तर थांबतच नाहीत. मी त्यांना आधी हलगर्जीपणाबद्दल झापलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. मी तो उचलून कानाला लावला.

"अण्णा, याक फोन उचलत नाही? माल संपला की. निळे टावेल पाठवा. ते मोबाइलमधलं तुमीच दाबा, नेहमीसारखं."

विचारलं तर बाई अक्कलकोटच्या निघाल्या, म्हणून बोलण्यात ते कानडी 'याक', म्हणजे 'का'. दुकानाचं नाव यादीत होतं. म्हणजे दुकानं खरी, ऑर्डरी खऱ्या, आणि अण्णा फक्त त्यांच्या वतीने बटणं दाबत होते. यादी कुठेही गेली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी अक्कलकोटला गेलो. भाविक जिथून टॉवेल, पंचे घेतात अशा बाजारात ते दुकान होतं. गल्ल्यावर त्याच बाई, सगळे त्यांना अक्का म्हणत. शेजारी त्यांची सून. अक्कांनी मोकळेपणाने सगळं सांगितलं. ॲप आपल्याला जमत नाही, अण्णांनी स्वतःहून सांगितलं की तुम्ही फोन करा, बाकी मी बघतो. जबाब लिहून झाला. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही कायद्याने घ्यायचीच नसते, हे मला पुरतं ठाऊक होतं. पण मालकांचा वकील तिखट होता. कागद भक्कम असावा म्हणून मी जबाब आणि पेन पुढे केलं.

चष्मा घरी राहिला, अक्का म्हणाल्या. सून बिचारी चांगल्या मनाने उठली, मागच्या गल्लीतल्या घरातून चष्मा घेऊन आली. आता काही कारण उरलं नाही. अक्का चष्मा हातात धरून थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी डावा अंगठा पुढे केला. सून त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं.

मला तेव्हाही पुरतं उमगलं नाही. अण्णा निर्दोष आहेत याच आनंदात होतो. आणखी काही गावांतून तसेच जबाब आणले, काहींवर सह्या, काहींवर अंगठे. फिर्याद गैरसमजातून झाली, असा 'क' समरी अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात गेला. जबाबांसकट त्याची एक प्रत कारखान्याला मिळाली. धाकटे मालक खजील झाले, अण्णांना परत बोलावू म्हणाले.

ही बातमी सांगायला मी स्वतः अण्णांच्या घरी गेलो. मोबाइल परत दिला, झालं ते विसरा म्हणालो. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, सुटका कशाच्या आधारावर झाली? मी जबाबांचं सांगितलं.

"अंगठं घेतलं का साहेब?"

घेतले, म्हणालो.

परत मिळालेला मोबाइल त्यांनी न बघताच बाजूला ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. दुकानदारांत वीस-पंचवीस जणांना अक्षरओळख नव्हती. आजवर फोनवरच काम चालायचं, त्यामुळे ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. कारखान्यात नाही, बाजारात नाही, काहींच्या तर घरातही नाही. नवी व्यवस्था निवडताना अण्णांनी बैठकीत विचारलं होतं, ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं? पुण्याचे लोक हसले. असं आता कोण असतं, म्हणाले. तेव्हा अण्णांनी ही युक्ती काढली.

"तेवढेच माज्या नंबरावर टाकले असते तर कोन कोन ते लगेच कळलं असतं की," ते म्हणाले. "म्हनून सगळेच टाकले. शिकलेले बी, न शिकलेले बी. तुमी आता नावंनिशी कागदावर काढून दिलं, साहेब."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. माफी मागितली, पण ती कुणाच्या वतीने आणि कुणाची, हे मलाच नीट कळेना. अण्णा पुन्हा कामावर गेले नाहीत. दुकानदारांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, असा निरोप त्यांनी मालकांना पाठवला.

निवृत्तीच्या आधी एकदा अक्कलकोटला जाणं झालं. वाट वाकडी करून त्या दुकानासमोर गेलो. गल्ल्यावर सून होती, मोबाइलवर झरझर ऑर्डर टाकत होती. अक्कांची चौकशी केली, तर म्हणाली, त्या आता घरीच असतात, दुकानात येत नाहीत.

गप्प माणसाला बोलतं कसं करायचं, हे मी तरुण अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं. तो कुणासाठी गप्प आहे हे आधी शोधा, एवढं मात्र कधीच शिकवलं नाही. मला ते माहीतच नव्हतं.