भावजींचे चाळीस थर

गोल्फवर एवढा जीव टाकणारा आणि गोल्फ कधीच न खेळलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा धाकटा दीर आहे. खेळणं लांबच राहिलं, भावजींनी गोल्फचं मैदानसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आमचं घर जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत. खिडकीतून दिसतात ती पत्र्याची छपरं आणि वाळत घातलेल्या मिरच्या. तरी तीन वर्षं भावजी मागच्या खोलीत बसून, ज्या काठीने गोल्फचा चेंडू मारतात त्या क्लबचा चेहरा बनवत होते. चेहरा म्हणजे क्लबच्या डोक्याची चेंडूला भिडणारी बाजू. ती बहुधा धातूची असते. भावजींना ती काळ्या कार्बनच्या कापडाचे चाळीस पातळ थर रेझिनने चिकटवून करायची होती. कशासाठी, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "हलका होतो वहिनी. आन् चेंडू लागला की जरासा दबून परत उसळी मारतो," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली परात घेऊन तिच्यावर बोटाने टकटक केलं. परात त्यांना पसंत पडली नाही.

हे वेड आमच्या घरात कुठून शिरलं? भावजी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. तडकलेली कोणतीही वस्तू जोडून देतात, म्हणून एका बियाणे कंपनीच्या साहेबांनी आपला कार्बनच्या थरांचा फुटका क्लब आणून दिला. भावजींनी तो जोडायच्या आधी पूर्ण सोलून पाहिला. साहेबांचे एक मित्र पुण्यात क्लब बनवतात. त्यांच्यापर्यंत बोलणं गेलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही.

समजावून सांगायची त्यांना भारी हौस. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी थोरल्या भावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कोरा टॉवेल टर्रकन फाडला.

"अरे, आहेरातला होता तो!" हे ओरडले.

"दादा, बघ ना पण, उभा कसा बराबर फाटला! आता हा तुकडा तिरपा वढ. फाटून राह्यला का? न्हाई ना? मंग एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा. कुठून बी मार बसू दे, कोणीतरी धरून ठेवतंच."

"तुला कोण धरून ठेवणार ते सांग," हे म्हणाले. पाहुणे भावजींसाठी मुलीचं स्थळ घेऊन आले होते. ते परत काही आले नाहीत. भावजींना त्याची हळहळ वाटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पुण्याच्या माणसाने तीन नमुने मागितले होते. तिकडे एक यंत्र नमुन्यावर सारखे चेंडू मारत राहतं. पहिला नमुना दुसऱ्या दिवशी फुटला. दुसरा तेवढाही टिकला नाही. दोन्हींचे थर जुन्या वहीच्या पानांसारखे सुटले होते. "तिसरा शेवटचा. तोही गेला तर आम्ही आपलं धातूवरच राहतो," असा निरोप आला. भावजींनी दोन दिवस कशावरही टकटक केली नाही. टाकीच्या कारखान्यातून आले, जेवले, भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हा मला भीती वाटली.

मी शाळेत शिकवते; कोणी नापास झालं की आधी कोणता प्रश्न चुकला ते बघते. मी फुटके तुकडे ताटात मांडले. सोबत थंडीत सरावासाठी केलेला एक तुकडा होता. तो तेवढा अजून खणखणीत.

"भावजी, यात फरक काय?"

"काईच न्हाई. तेच कापड, तेच रेझिन, तेच हात."

"कधी केले?"

"हे दोन चैत्रात. ऊन लई होतं. तुम्हीच न्हाई का कूलर..."

ते थांबले. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. नळ कोणत्या दिवशी आला आणि कूलर कधी भरला हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. उघड्या अंगाने घामाघूम होऊन बसलेल्या दिराची कीव येऊन मीच कूलर त्यांच्या खोलीकडे वळवला होता. दोन्ही नमुन्यांच्या दिवशी कॅलेंडरवर खूण होती. ती ओली हवा कापडात बसली, आणि थरांनी एकमेकांना धरलंच नाही.

"म्हणजे मीच फोडले की हो दोन्ही," मी म्हणाले.

"काई बी काय, वहिनी! गारवा तर मीच खाल्ला ना."

तिसरा नमुना मे महिन्यात, दिवस उगवायच्या आत केला, कारण उन्हात रेझिन वाटीतच आळतं. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. घामाचा थेंब पडू नये म्हणून भावजींच्या कपाळाला तोच फाटका टॉवेल बांधला होता. मी क्रमाने वाचायचं, "उभा, तिरपा, आडवा," आणि त्यांनी थर ठेवायचा. चाळीसावा थर ठेवल्यावरच आम्ही उठलो. मग लोखंडी पट्ट्यांमध्ये आवळून तो नमुना पक्का व्हायला ओळखीच्या पाववाल्याच्या निवत्या भट्टीत ठेवला. पाववाला म्हणाला, "जल्दी काढा भाऊ, लोक इचारतात केक कधी मिळंल."

आठ दिवसांनी पुण्याहून फोन आला. यंत्र थकलं, नमुना नाही. पुढचे नमुने पुण्यात बसून करायला या, असंही म्हणाले. ह्यांनी पेढे आणले आणि नवा टॉवेल कपाटात कुलूप लावून ठेवला.

भावजी पुण्याला गेले त्याला महिना झाला. परवा फोनवर म्हणाले, "वहिनी, आज मैदान पाह्यलं."

"मग? मारला की नाही चेंडू?"

"न्हाई. लई हिरवं हाय हो. नजर जाईल तिथपर्यंत. एवढं पाणी कुठून आणत असतील?" मग म्हणाले, "समदे म्हणत होते, या की आत. पण बूट घालून आल्तो ना. त्या गवतावर पाय ठेवू वाटंना. कडंलाच उभा राह्यलो."