विळ्याच्या टोकाचा नकाशा

इंझोरीच्या चंपाबाईला सहीपुरतंच लिहिता येतं, पण सोळा बायांच्या कापणीच्या टोळीची ती मुकादम. उद्या कोणाच्या वावरात कोण, हे ती अंगणातल्या मातीत विळ्याच्या टोकाने रेघा ओढून दाखवते. तोंडाने सांगितलं की चार फाटे फुटतात, असं तिचं मत.

यंदा पेच घरचाच होता. दीर देवमनचं सोयाबीन कापून वावरात गंजी लागलेली, शेंगा तडकायला आलेल्या. गोविंदसिंगचं मळणीचं थ्रेशर गावात उद्या एकच दिवस. आणि देवमनचं वावर सडकेपासून आत, नेमकं नानाजींच्या वावरामागे! नानाजींचं पीक अजून उभं. आणि धुऱ्याकडेने, बांधालगत, चाक नेऊ द्यायला ते दहा वर्षांपासून नाहीच म्हणत आलेले. नाल्याकडून फिरून जायचं तर अर्धा दिवस गेला. दिराचं वर्षाचं पीक मातीत सांडायची वेळ आली होती.

नानाजी आपल्या कापणीसाठी टोळी ठरवायला आले, तेव्हा तिने विषय काढला.

"आज चाक घालू देलं, त उद्या वाट मनान तुमी," नानाजी म्हणाले.

"वाट मांगून नाही राह्यली. बसा, पाहा, मंग नाही मना."

तिने सडक काढली, नानाजींचं वावर काढलं, मागे देवमनचं, बाजूने नाला.

"सकायी धुऱ्याकडच्या बारा रांगा आमी आंदी कापतो. तिथून मशीन मांगं जाते. देवमनचं निघेपर्यंत तुमचं बाकीचं कापून होते. दुपारी मशीन तुमच्या वावरात. नाल्यानं फिरली, त तुमचा नंबरच लागत नाही."

नानाजी उकिडवे बसले. बराच वेळ पाहत राहिले आणि एकदम तापले, पण भलत्याच गोष्टीवर.

"नाला असा नाही जात वं! चिचेपाशी वयते तो."

तिच्या हातून विळा घेऊन त्यांनी नाला दुरुस्त केला, चिंच काढली आणि त्याच भरात धुऱ्याकडेने चाकांच्या दोन रेघाही ओढल्या. नाला चुकून चुकला की मुद्दाम, हे ती आजही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत दोन्ही वावरांचं सोयाबीन पोत्यात पडलं. देवमन रडला, आणि रडतोय म्हणून चंपाबाईने त्याला झापलं.

पुढे हरभरा पेरताना नानाजींनी धुऱ्याकडेने दोन चाकांपुरती पट्टी मोकळी सोडली. त्यांचा मुलगा हरीओम विचारू लागला, इथं काहून नाही पेरलं?

"नकाशात हाय ते," नानाजी खेकसले. "म्याच काढलं."